आप्पांच्या हातचा कोळसा

आमच्या सौदीतल्या बुरैदाच्या घरातल्या मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या खोलीत, घरमालकानं एक लोखंडी शेगडी बसवलेली होती. पुढं छोटं दार, आत कोळसा ठेवायची जाळी, आणि भिंतीतून बाहेर गेलेला धुराचा पाइप. तीन हिवाळे आम्ही ती पेटवलीच नव्हती. चौथ्या हिवाळ्यात माझे वडील, आप्पा, आले, व्हिजिट व्हिसावर.

आप्पा मिरजेला छोट्या लाइनीच्या गाडीवर फायरमन, म्हणजे इंजिनात कोळसा घालणारे, होते. वाफेची इंजिनं बंद झाली तशी रेल्वेनं त्यांना दुसऱ्या कामाला लावलं, पण विचारलं की ते फायरमन म्हणूनच सांगायचे. आई गेल्यावर माझ्या भावाकडं राहत होते. मी हट्टानं बोलावून घेतलं. मला वाटलं होतं वाळवंटात ऊन मिळेल त्यांना. आले ते डिसेंबरात आणि बुरैदाची थंडी अशी की सकाळी फरशीवर पाय टेकवत नाही.

इलेक्ट्रिक हीटरनं त्यांचा घसा कोरडा पडायचा. एक दिवस त्यांनी शेगडीचं दार उघडून आत हात घातला, जाळी चाचपली आणि मला म्हणाले, चांगली आहे, पेटवूया. नवरा खजुराच्या कोल्ड स्टोरेजमध्ये मॅनेजर. त्याला हे मुळीच पटलं नाही. बंद घरात कोळसा नको, तो म्हणाला. मी त्याच्याशी दोन दिवस वाद घातला. तीस वर्षं ज्या माणसानं इंजिन पेटवलं त्याला एक शेगडी जमणार नाही का, असं मी म्हटलं. शेवटी त्यानं हो म्हटलं.

मग आप्पा कामाला लागले. बाजारामागच्या वखारीतून आम्ही दोन पोती लोणारी कोळसा आणला. हा कसला कोळसा, लाकूडच की, असं म्हणून त्यांनी आधी नाक मुरडलं. पण अंगणात जुनं पोतं अंथरून, उन्हात बसून, एकेक तुकडा हातात घेऊन निवडायला लागले. अक्रोडाएवढे एका बाजूला, मुठीएवढे दुसऱ्या बाजूला, चुरा एका पिशवीत. फार मोठे असतील ते हातोडीनं फोडायचे.

मला त्यांनी समजावून सांगितलं. पेटवताना अक्रोडाएवढा, कारण तो लवकर धरतो. एकदा लाल झाला की वर मुठीएवढा, मध्ये फट राहील असा, म्हणजे खालून हवा वर येते आणि तो चार तास पुरतो. त्याहून मोठा घातला तर नुसता काळा बसून राहतो. आणि चुरा कधीच नाही. चुरा जाळीत बसला की हवा बंद, मग आग घुसमटते आणि धूर पाइपात न जाता माणसांत येतो.

महिनाभर ती खोली घरातली सगळ्यात चांगली खोली होती. माझी मुलगी शाळेतून आली की तिथंच अभ्यासाला बसायची. ती इंग्रजीतून बोलायची, ते मराठीतून, आणि दोघांचं बरं चाललं होतं. आप्पांचा चेहरा बदलला होता. कुणाच्या तरी उपयोगी पडत असल्यासारखे ते घरात वावरत होते.

तो शनिवार होता. मुलगी मैत्रिणीकडं गेली होती, नवऱ्याला काम होतं. आप्पा अंघोळीला गेले होते आणि शेगडी मंदावली होती. निवडलेला कोळसा अंगणात होता आणि बाहेर बोचरा वारा सुटला होता. चुऱ्याची पिशवी मात्र तिथंच शेगडीशेजारी, टाकून द्यायची म्हणून ठेवलेली. मला स्वयंपाकाची घाई होती. मी ती पिशवी जाळीवर रिकामी केली, दार लावलं आणि गेले.

अर्ध्या-पाऊण तासानं त्यांना जेवायला बोलावलं तर ओ आली नाही. खोलीत गेले तर डोळे चुरचुरले. आप्पा तक्क्याला टेकून बसलेले, मान एका बाजूला, पेपर मांडीवर. मी त्यांना काखेत हात घालून अंगणात ओढत आणलं. कसं आणलं ते मला आजही सांगता येणार नाही. शेजारच्या बाईंनी अॅम्ब्युलन्स बोलावली.

हॉस्पिटलात ऑक्सिजनवर तासाभरानं ते शुद्धीवर आले. तेवढ्यात नवरा धावत आला. त्यानं माझ्याकडं बघून विचारलं, "कोळसा कुणी घातला होता?"

मी तोंड उघडलं. पण माझ्याआधी आप्पांनी मास्क बाजूला केला.

"मीच घातला. दिसलं नाही मला नीट. चुरा गेला."

आणि मी काहीच बोलले नाही.

नवरा त्यांना रागावला नाही. उलट फार मऊ आवाजात म्हणाला, आता वय झालं आप्पा, राहू दे ते. दोन दिवसांत घरमालकाचा माणूस येऊन शेगडी काढून घेऊन गेला. नवऱ्यानं मुलीला सांगून ठेवलं की आजोबा गॅसजवळ गेले तर मम्माला हाक मार. ती खरंच मारायची. आप्पा चहा ठेवायला उठले की ती मम्मा, मम्मा म्हणून ओरडायची, आणि ते परत जाऊन बसायचे.

मी एकदाच विषय काढला. ते अंगणात बसले होते. मी म्हटलं, आज मी ह्यांना खरं सांगते.

"काही सांगू नकोस," ते म्हणाले. "मी दोन महिन्यांनी जाणार. तुला इथं राहायचंय."

मी ऐकलं त्यांचं. ऐकणं मला सोयीचं होतं.

मार्चमध्ये ते परत गेले आणि जूनमध्ये हृदय बंद पडून वारले. देशाबाहेर जाऊन परत यायची परवानगी, एक्झिट-रीएंट्री, मिळवून आम्ही मिरजेला पोहोचलो तोवर तिसरा दिवस उजाडला होता.

भाऊ सांगत होता, तिकडून आल्यावर आप्पा एकदम बदलले होते. स्वयंपाकघरात पाऊलच टाकत नसत. बंबसुद्धा पेटवायचे नाहीत, जो ते वर्षानुवर्षं रोज पेटवायचे. सुनेला म्हणायचे, तूच लाव, माझ्या हाताचा आता भरवसा नाही.

समाचाराला त्यांचा एक जुना जोडीदार आला होता, त्यांच्याबरोबर इंजिनावर काम केलेला. भावानं त्यांना शेगडीची हकिगत सांगितली. म्हातारबाबांनी मान हलवली.

"चुरा?" ते म्हणाले. "तो नाही घालणार. डोळे बांधले तरी नाही. हाताला कळतं आमच्या."

भाऊ खाली बघत होता. म्हाताऱ्या माणसाचं काय मनावर घ्यायचं, असं सगळ्यांना वाटलं असावं.

"मी घातला होता," मी म्हटलं.

भावाला आधी कळलंच नाही. मी पुन्हा सांगितलं, पिशवीसकट सगळं. वहिनी तोंडाला पदर लावून आत गेली. नवरा माझ्याकडं बघत राहिला. परतीच्या विमानात, जेवणाचे ट्रे उचलून झाल्यावर, त्यानं विचारलं. तेव्हाच का नाही सांगितलंस, मी काय केलं असतं?

काही केलं नसतं त्यानं. चार दिवस धुसफुसला असता, एवढंच. मी त्याला तसं सांगितलं. तो रियाध येईपर्यंत खिडकीकडं तोंड करून बसला.