उंटाच्या आडोशाला औक्षण

इथे परदेशात, पुंगोलच्या आमच्या फ्लॅटमधून चंद्र दिसतो, नाही असं नाही. पण समोरच्या दोन ब्लॉकच्या फटीतून, तोही चांगला वर चढल्यावर आणि ढगांनी दिला तर. कोजागिरीला मी आपली मसाला दुधाचा पेला घेऊन खिडकीशी उभी, त्या फटीकडे बघत.

त्याच दिवशी आमच्याकडे आश्विनी असते, म्हणजे आईनं थोरल्या लेकराला ओवाळायचं. माझा थोरला बँकेत, इथल्याच पाया लेबार भागात. नेमकी त्या संध्याकाळी त्याची कुठल्या तरी लांबच्या देशाशी मीटिंग असते. तो घरी येईतो निरांजन विझलेलं आणि दुधावर साय. मग म्हणतो, आई, पुढच्या वर्षी नक्की. मी पुण्यात होते तेव्हा निदान फोनच्या पडद्याला तरी ओवाळायची. एका घरात राहायला आलो आणि तेही गेलं, बघा.

यंदा त्यानं नातीसाठी जैसलमेरची सहल ठरवली. उंटावरून वाळवंटात जायचं, रात्री तंबूत राहायचं. त्यानं तारीख धरली ती रजा बघून. मी हळूच पंचांग बघितलं, तर कोजागिरी! गप्प बसले. सांगितलं असतं तर म्हणाला असता, तिथे कशाला तो पसारा. निरांजन आणि छोटं तबक रुमालात गुंडाळलं, फुलवाती तुपात भिजवून डबीत भरल्या, कुंकू, अक्षता, सुपारी, झालं. काडेपेटी दिल्लीच्या विमानतळावर काढून घेतली. घेऊ देत म्हटलं, वाळवंटात विडी ओढणारा कोणी भेटेलच.

सूनबाईनं माझ्या गुडघ्यांसाठी जीप सांगून ठेवली होती. मी म्हटलं, एवढ्या लांब आले ती जीपमध्ये बसायला नाही. पण उंट उठतो ना, तो आधी मागच्या पायांवर. मी अशी काही पुढे कलंडले की माझ्यापुढे बसलेली नात उंटाच्या मानेला चिकटली आणि खदाखदा हसायला लागली. उंटवाला मागे रेलून बसा म्हणत होता, पण तोवर मी देवाला हाका मारून मोकळी झाले होते.

मग मात्र सगळं शांत झालं. वाळूत उंटाच्या पायांचा आवाज होतच नाही. गादीवर गादी ठेवल्यासारखं पाऊल पडतं. पुढच्या उंटावर लेक फोन वर धरून रेंज शोधत होता. शेवटी त्यानं तो खिशात टाकला.

एका उंच टेकाडावर उतरलो. पश्चिमेला सूर्य बुडायला आलेला, आमच्या सावल्या पूर्वेकडे लांबच लांब गेलेल्या. त्या सावल्यांच्या टोकाशी बघते तर काय, जमिनीतून चंद्र वर येत होता. चंद्र कसला, परातीएवढा, भोपळ्याच्या रंगाचा. मध्ये झाड नाही, भिंत नाही. एका हाताला सूर्य, एका हाताला चंद्र, आणि मध्ये आम्ही चार माणसं. एवढं वय झालं, चंद्र जमिनीतून उगवताना मी पहिल्यांदा पाहिला. हात आपोआप जोडले गेले, आधी कुणाला जोडायचे ते कळेना.

लेक अजून चंद्राकडेच बघत होता. मी पिशवीतून निरांजन काढलं, तेव्हा त्यानं बघितलं.

"आज आहे होय?" म्हणाला. मग बूट काढले, डोक्यावर रुमाल टाकला आणि चंद्राकडे तोंड करून वाळूत मांडी घातली. लहानपणी पाटावर बसायचा तसाच.

उंटवाल्यानं काड्या दिल्या. पण वारा एक पेटू देईना. दोन-तीन गेल्या. इतकी वर्षं वाट पाहून वारा आडवा येतो की काय! मग म्हटलं, बाबा, तुमचा उंट जरा इथे बसवा. बसला, कुरकुरत. त्याच्या पोटाच्या आडोशाला ज्योत अशी उभी राहिली, देव्हाऱ्यात राहावी तशी. मी लेकाला ओवाळलं. घाई नव्हती कुणालाच. मग सूनबाईनं नातीला ओवाळलं, तीही थोरलीच.

नात माझ्याकडे बघत राहिली. तिला मीच कधीतरी सांगितलेलं, की मी भावंडांत सगळ्यांत मोठी.

"आजी, तू पण एल्डेस्ट ना? देन हू डझ यू?"

मी म्हटलं, बाळा, ते आईनं करायचं असतं. माझी आई आता नाही.

तेवढ्यात उंटाला काय वाटलं कोण जाणे, तो उठला. वारा आला आणि ज्योत गेली. मी तबक आवरायला लागले.

"दे इकडे," लेक म्हणाला.

विझलेल्या निरांजनाचं तबक घेऊन तो माझ्यासमोर गुडघ्यांवर बसला आणि ओवाळायला लागला. उलटं. उजवीकडून डावीकडे. जन्मभर ओवाळून घेतलेला माणूस, त्यानं ते कायम समोरूनच बघितलेलं, तसंच उचललं. सूनबाई सांगायला निघाली, मी तिला डोळ्यांनी थांबवलं. सूर्य कधीच गेला होता. आमच्या सावल्या आता दुसऱ्या अंगाला पडल्या होत्या, चंद्राच्या उजेडानं. त्याचा हात फिरत होता तशी वाळूवर तबकाची सावलीही फिरत होती, उलटीच.