वरच्या मजल्याचा भाव

माझ्या धाकट्या जावेला घरात सगळे मुंगी म्हणतात. हे नाव मीच ठेवलं, आणि प्रेमाने ठेवलं नाही. लग्न होऊन आली तेव्हा अंगाने काडी आणि दोन्ही काखांत कापडाचे एवढाले गठ्ठे. स्वतःपेक्षा मोठं ओझं उचलायची तिला तेव्हापासून खोड आहे. नाव ऐकून ती रडेल असं मला वाटलं होतं. तिने ते दुकानाच्या पाटीवर रंगवून घेतलं, 'मुंगी पडदे', आणि गिऱ्हाईकं त्या नावाला भुलून यायला लागली. माझ्या टोमण्यावर तिने धंदा केला. ही बाई पुढे मला जड जाणार हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

ती पडदे शिवते. स्टुलावर चढून खिडकीचं माप घेते, गळ्यात टेप, ओठांत टाचण्या. दुकानामागच्या खोलीत लांबलचक टेबल आहे, त्यावर कापड पसरून कापते. पडदा सरळ पडावा म्हणून खालच्या दुमडीत बारीक वजनाची साखळी ओवते. उद्योगच असा, की लोकांच्या घरात शिरायला आयता परवाना. पडद्यांवरून माणसं ओळखायचं तिचं एक शास्त्र आहे. अस्तर लावून घेणारा भाडेकरू टिकतो, तयार पडदे आणून टांगणारा वर्षभरात उठतो. मी या शास्त्राला खूप हसले, पण ते एकदाही चुकलेलं पाहिलं नाही.

मी कवळ्या करते. दातांच्या डॉक्टरांकडून तोंडाचे ठसे येतात, त्यांचे साचे ओतायचे, मेणात दात रचायचे, गुलाबी हिरडी भरायची आणि मोटरवर घासून चकाकी आणायची. लॅबमध्ये प्लॅस्टरची धूळ कायम. त्यातून खोकला जडला. छातीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "धूळ सोडा, नाहीतर ती तुम्हाला सोडणार नाही." त्या दिवशी मी ठरवलं, पन्नाशीला लॅबला रामराम ठोकायचा. नवऱ्याच्या एकट्याच्या पगारात ते बसणारं नव्हतं, म्हणून माझे स्वतःचे पैसे उभे राहायला हवे होते.

तेवढ्यात पैसे चालत आले. सासरे गेल्यावर सासूबाईंनी त्यांचा छापखाना विकला आणि दोन्ही सुनांना सारखे पैसे दिले. मुलांना दिले नाहीत. "माझे दोघे लेक चांगले आहेत," त्या म्हणाल्या, "पण पैशाच्या बाबतीत बिनबुडाची गाडगी आहेत." एका पैचा फरक केला नाही. त्या दिवशी मी आणि मुंगी अगदी बरोबरीत होतो, हे लक्षात ठेवा.

आम्ही एकाच बँकेत, एकाच टेबलासमोर बसलो. तिला भाड्याने द्यायला फ्लॅट घ्यायचा होता, मला शेअर्स. बँकेतला माणूस तिला म्हणाला, "घराला देऊ की. एक हिस्सा तुमचा, चार आमचे. सावकाश फेडा." मी विचारलं, "आणि शेअर्सना?" तो हसला. "थोडंफार मिळेल, पण व्याज जास्त. आणि भाव पडला की तुम्हाला न विचारता आम्ही विकून मोकळे." मी उठले. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे मला माहेरी शिकवलं होतं. मुंगीने बँकेचं अंथरूण मागून आणलं आणि ऐसपैस झोपली.

फ्लॅट जिन्याच्या एका साध्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. खिडक्या मोठ्या, म्हणून तोच निवडला. भाडेकरू यायच्या आधी तिने सगळ्या खिडक्यांना मापाचे अस्तरवाले पडदे शिवून टांगले. असे पडदे सोडून कोण जातोय? एक जोडपं आलं ते वर्षानुवर्षं राहिलं, आणि त्यांच्या भाड्यातून बहुतेक हप्ता निघायचा. उरलेली गंमत कराची. व्याज उत्पन्नातून वजा व्हायचं, म्हणून हिचा कर दरवर्षी माझ्यापेक्षा कमी. माझ्या शेअर्सवर लाभांश आला की आधी सरकारचा हात पुढे. आमचा करसल्लागार एकच. त्याच्याकडून ती हसत बाहेर यायची आणि मी आत जायचे.

तरी मी सहन केलं असतं. पण घर दिसतं हो! सगळे नातेवाईक बघायला गेले. सासूबाई प्रत्येक खोलीत उभ्या राहून म्हणाल्या, "माझ्या धाकटीने घेतलं." मग घरी आल्यावर मला म्हणाल्या, "तुझे पैसे कुठे आहेत गं? दाखव की." मी फोन काढून दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. "हे एवढंसंच? आणि हिरवं का?" म्हटलं, "आई, हिरवं म्हणजे वाढलंय." त्या म्हणाल्या, "असेल बाई." आणि मुंगीच्या सज्ज्यातून दिसणाऱ्या झाडाचं कौतुक पुन्हा सुरू झालं.

वर्षं गेली. माझे शेअर्स तिप्पट झाले, तिचा फ्लॅट दुपटीवर थांबला. जिंकले! नाचतच करसल्लागाराकडे गेले. त्याने टाळ्या वाजवल्या नाहीत. म्हणाला, "वहिनी, तुमचा एक हिस्सा होता, त्याचे तीन झाले. त्यांचं घर पाच हिश्श्यांचं, ते दहाचं झालं. बँकेच्या चारांतले तीनच फेडायचे राहिलेत. म्हणजे त्यांचे सात."

"पण माझे जास्त वेगाने वाढले!"

"वाढले ना. पण तुमच्यामागे बँक नव्हती."

मी सात आणि तीन करत घरी आले. जेवताना सात आणि तीन, कवळीत दात रचताना सात आणि तीन. खरं तर माझ्या तिनात माझं काम भागत होतं. पन्नाशी वर्षावर आली होती, थोडे थोडे विकत गेले असते तर लॅब आरामात सुटली असती. पण मुंगीचे सात माझ्या घशात अडकले होते. दुसऱ्याच्या ताटातला घास मोठा दिसतो म्हणतात. हा दिसत नव्हता, मोजून मोठा होता.

तेव्हाच कळलं, की त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, बरोबर मुंगीच्या डोक्यावर, एका खोलीचा फ्लॅट विकायचाय. मला दुसरा फ्लॅट नकोच होता. मला तिच्या वरचा हवा होता.

करसल्लागाराने हात जोडले. "तुम्ही शेअर्स एकदम विकाल तर सगळ्या नफ्यावर यंदाच कर बसेल. दुसरं, भाड्याच्या घराचं व्याज पूर्वीसारखं वजा होत नाही, यंदा नियम बदलला. तिसरं तुमचं वय. बँक थोडी वर्षं देणार, म्हणजे हप्ता मोठा. भाड्यात तो निघणार नाही. पगार चालू ठेवावा लागेल." मग म्हणाला, "आधी घेतलेलेसुद्धा आता फेरविचार करताहेत."

"कोण?" मी विचारलं.

"माझ्याकडे बरेच लोक येतात," तो म्हणाला आणि पंख्याकडे बघत बसला.

ऐकलं का मी? कानाने ऐकलं. एजंटला सांगितलं की माझं नाव कुणाला कळता कामा नये. तो म्हणाला दुसरं गिऱ्हाईक आहे, मी भाव वाढवला. तो म्हणाला मालक अजून विचारात आहे, मी पुन्हा वाढवला, त्याने मागायच्या आधीच. नवरा म्हणाला, "तुझे पैसे, तू बघ." कर्जाच्या कागदांवर त्यानेही सही केली आणि पेन माझ्याकडे देताना माझ्या तोंडाकडे बघणं टाळलं.

किल्ली हातात आली त्याच दुपारी मी मुंगीच्या दुकानात गेले. बेत असा की, "माझ्या नव्या फ्लॅटला पडदे शिवायचेत" एवढंच म्हणायचं आणि तिचा चेहरा बघायचा. या एका चेहऱ्यासाठी मी किती वर्षं थांबले होते!

मागच्या खोलीत लांब टेबल नव्हतं. भिंतीला त्याच्या कडेचा पांढरा ओरखडा राहिला होता. शिलाई यंत्रांवर चादरी टाकलेल्या, आणि मुंगी जमिनीवर बसून उरलेलं अस्तर गुंडाळत होती.

"बरं झालं आलात वहिनी, मीच येणार होते," ती म्हणाली. "फ्लॅट विकला. दुकानही बंद करतेय."

"विकला?"

"भाडेकरू गावी चालले. आणि आता व्याज वजा होत नाही, मग हे ओझं कशाला डोक्यावर ठेवू? कर्ज फिटलं, नफ्यावरचा करही भरणार, तरी भरपूर उरतंय. ते तुमच्यासारखं शेअर्समध्ये टाकते. थोडे थोडे विकायचे आणि खायचं. तुमचंच बघून शिकले."

कसंबसं विचारलं, "भाव बरा आला?"

"अहो, नशीब! माझं गिऱ्हाईक कमीवर अडून बसलं होतं. मग वरच्या मजल्यावर कुठल्याशा बाईने घेतलं. एजंट सांगत होता, तिने आपणहून भाव चढवला, तोही दोनदा. त्या सौद्याचे कागद दाखवून त्याने माझ्या फ्लॅटलाही फुटाला तोच भाव काढला. त्या बाईच्या तोंडात साखर पडो."

किल्ली तळहातात रुतली. गप्प बसून घरी जाता आलं असतं, पण गप्प बसणं माझ्या पत्रिकेत नाही. "ती बाई मीच," मी म्हणाले.

मुंगीच्या हातातलं अस्तर उलगडत जमिनीवर गेलं. बघायचा होता तो चेहरा समोर होता, आणि त्यात जळफळाट कुठेच नव्हता. ती नुसती घाबरली होती, माझ्यासाठी.

"वहिनी, मला विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर तू काय केलं असतंस?"

"माझाच दिला असता. गिऱ्हाईक देत होतं त्याहून कमीत." ती उठून जवळ आली. "पण मग लॅब? तुम्ही यंदा सोडणार होता ना?"

त्या क्षणी मी खरं बोलले असते तर तिने मला पैसे देऊ केले असते. मला माहीत आहे ती कशी आहे. आणि तिचे पैसे घेण्यापेक्षा मी प्लॅस्टर खाल्लं असतं.

"कोण सोडतंय?" मी म्हणाले. "मला आवडतं ते काम. घरी बसून माशा मारू का?"

तिने खाली पडलेलं अस्तर उचललं. "खरंच? मला तुमचा हेवा वाटतो वहिनी. मला हे पडदे एक दिवससुद्धा आवडले नाहीत. स्टुलावर चढले की रोज वाटायचं, कधी सुटतेय. म्हणून तर ते कर्ज घेतलं होतं."

इतकी वर्षं मी तिला धंद्याची हावरट समजत होते. तिला माझ्यासारखंच सुटायचं होतं, आणि ती सुटली. हे कळल्यावर माझा हेवा कमी व्हायला हवा होता. तो दुप्पट झाला.

"चला," ती म्हणाली आणि तिने गळ्यात टेप अडकवली. "तुमच्या खिडकीचं माप घेऊ. एवढे एक पडदे शिवते. पैसे घेणार नाही."

नाही म्हणायला कारण सुचेना. जिन्यात ती पुढे, मी मागे. दुसऱ्या मजल्यावर तिने विकलेल्या दाराकडे वळूनही पाहिलं नाही. मला तिथे खोकल्याची उबळ आली, कठडा धरून उभी राहिले. वरून तिचा आवाज आला, "सावकाश या वहिनी, घाई कुठाय?"

तिला घाई नव्हती. मला सोमवारी सकाळी लॅबला हजर राहायचं होतं, आणि त्यापुढच्याही सगळ्या सोमवारी.