मर्दाचा घास

बायको गेल्यावर बपेरा गावच्या घराला कुलूप लावून मी जवाहरनगरला पोराच्या फॅक्टरी क्वार्टरात राहायला आलो. मी तिसरी शिकलेला माणूस. पाटी वाचतो, पण अक्षराला अक्षर जोडत. कोपऱ्यावर बर्गरचं नवीन दुकान निघालं, त्याच्यावर हा एवढा मोठा फलक. मिशीवाला गडी जबडा फाडून बर्गर खाऊन राहिला, मागे त्याची बायको रुमाल घेऊन उभी, तिच्या बशीत काकडीच्या चकत्या. खाली मी वाचलं, 'अस्सल मर्जाचा घास'. मर्ज म्हणजे दुखणं. म्हटलं, दुकानदार इमानदार दिसतो, आधीच सांगून देतो.

घरी सांगितलं तर सूनबाई हसून हसून बेजार. "मामाजी, मर्जाचा नाही, मर्दाचा!"

मग तिचं हसू विझलं. पोराचं बीपी वाढलेलं, लिवरवर चरबी. डॉक्टरनं बाहेरचं खाणं बंद करायला सांगितलं होतं, अन् हा फॅक्टरीच्या बसमधून उतरला की आधी त्याच दुकानात. बायकोला घाटावर पोचवून मला वर्षही झालं नव्हतं. आता पोराला पोचवायची ताकद माझ्यात नव्हती.

बाईनं काय रुमालच धरायचा का, फलक काढा, म्हणून क्वार्टरांतल्या बायका दुकानापुढे जाऊन भांडल्या. सूनबाई सगळ्यात पुढे. दुकानदारानं डोकं चालवलं. फलक तसाच ठेवला, फक्त रुमालावर कागद चिकटवला. रुमाल गेला, काकडी राहिली. भांडण पाहायला आलेले गडी खाऊन गेले, दुकान आणखी चाललं.

पोरगा घरी येऊन मला म्हणे, "बाबा, तिले समजवा. कायले भांडून राहिली? अन् मले रोज लाखोरीची पालाभाजी. मी का बाई आहो?"

मी काय समजवणार? आम्हा मासोळ्या धरणाऱ्या जाळंवाल्यांच्या घरात असा फलक बापजाद्यांपासून लागलेला आहे, फक्त त्याला रंग नाही. मरळ शिजली की मुंडी गड्याची, शेपटी बाईची. बायको गेल्यावर मी चूल हाती घेतली तर गावचे म्हणाले, "बुढी मेली अन् बुढा बाई झाला." म्हटलं, झालो तर झालो. तुमच्या घरी जेवायला तर नाही आलो.

एका संध्याकाळी स्वयंपाक मी केला. भात, लाखोरीची भाजी, थोडे झिंगे. पोरानं ताट बाजूला सारलं.

"हे बाईचं खाणं हाय, बाबा."

"हो, बाईचंच हाय. तुई माय हेच खाऊन गुडघाभर चिखलात धानाची रोवणी करे, अन् सांजेले मासोळ्याची टोपली डोक्यावर घेऊन बाजारात जाये. तिनं कोणता बर्गर खाल्ला होता रे? अन् तू जिना चढला तं भात्यावानी धापा टाकतो. म्हणे मर्द!"

सूनबाईनं ओढणी तोंडाला लावली. पोरगा लाल झाला. मला वाटलं, आता हा उठून सरळ कोपऱ्यावर जातो. तो बसून राहिला. मग ताट ओढलं, दोन घास खाल्ले.

"मीठ नाही टाकलं का?"

"डॉक्टरनं नाही म्हटलं."

"मंग तुमीच खा," तो म्हणाला, अन् तिसरा घास घेतला.