पतंगाचे आठ कागद

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची, लोणावळ्याची गोष्ट. मी नुकती मॅट्रिक झाले होते आणि पुण्याला कॉलेजात जायचं म्हणून हुरळून गेले होते. आबा रेल्वेत सिग्नलचे दिवे सांभाळायचे. मला पाठवायचं की नाही, हा निर्णय त्यांनी दादावर सोपवला, कारण दादा पुण्यात पदार्थविज्ञान शिकत होता. दादा म्हणाला, मुलींचं गणित म्हणजे नुसती घोकंपट्टी. अस्सा राग आला मला!

त्याच सुट्टीत आबांनी विचारलं, धुक्याचे थर वाढत गेले की दिव्याचा उजेड किती उरतो? दादाने धुक्याच्या थराऐवजी पतंगाचा पांढरा कागद घेतला. एक कागद निम्मा उजेड पुढे सोडतो, निम्मा परत फिरवतो, हे त्याने मोजलं. आठ कागद म्हणजे आठदा निम्मा, दोनशेछप्पन्नावा भाग, असं सांगून मोकळा झाला.

मला पटेना. अहो, परत फिरलेला उजेड जातो कुठे? हळदीकुंकवाला आलेल्या बायका ‘येते हं’ म्हणून निघतात, उंबऱ्यातून मागे वळतात, पुन्हा निघतात. तरी घरी पोचतातच की! तसाच दोन कागदांमध्ये उजेड हेलपाटे घालणार आणि दर हेलपाट्याला थोडा पुढे सुटणार. ते सगळे तुकडे मांडून मी बेरीज केली: दोन कागदांतून एक तृतीयांश. मग त्या जोडीलाच एक कागद समजून पुन्हा तेच गणित. चारांतून पाचवा भाग, आठांतून नववा. नववा! पाटी घेऊन मी स्वयंपाकघरात नाचले, तोवर आमटी उतू गेली.

दादा तावातावाने म्हणाला, हिचं खरं निघालं तर खुशाल पाठवा.

भर दुपारी खिडक्या लावल्या. मधोमध तेलाचा डाग पाडलेला कागद उभा केला. दोन्हीकडून सारखा उजेड पडला की तो डाग दिसेनासा होतो. एका बाजूला हातभर अंतरावर कंदील आणि त्यापुढे ते आठ कागद. दुसऱ्या बाजूने आबा तसलाच उघडा कंदील घेऊन मागे सरकणार. अंतर दुप्पट झालं की उजेड पाव होतो, तिप्पट झालं की नववा भाग, त्यामुळे दादाच्या हिशेबाने सोळा हात, म्हणजे थेट शेजाऱ्यांच्या गोठ्यात! माझ्या हिशेबाने तीनच. मला हसू आवरेना.

आबा एक हात सरकले, दोन हात सरकले. डाग दिसतच होता. तिसऱ्या हाताला तो गेला. मागचं दार उघडायला उठलेला दादा होता तिथेच उभा राहिला. मग त्याने माझी पाटी वाचायला घेतली.

आबांनी कंदील खाली ठेवला. दर जूनला ते दादासाठी पुण्याचा रेल्वेचा एक पास मागायचे. माझ्याकडे बघून म्हणाले, “औंदा दोन पास मागतो.”