बाबांच्या हातचा गुण

बाबा काविळीचं औषध देत. रविवारी, दिवस वर यायच्या आत, उपाशीपोटी. रिठदहून, रिसोडहून जीप भरून पिवळ्या डोळ्यांची माणसं आमच्या ओट्यावर येऊन बसत. बाबा त्यांचे पैसे घेत नसत, आणि दवाखाना सोडू नका असंही सांगत. एरवी गावात त्यांना कोणी विचारत नसे. ग्रामसभेत ते बोलायला उठले की लोक तंबाखू मळायला घेत. रविवारी मात्र सरपंचसुद्धा हात जोडून बसायचा.

औषध गुप्त होतं. दुसऱ्याला सांगितलं की सांगणाऱ्याच्या हातचा गुण जातो, असं आजोबांनी त्यांना बजावलं होतं. म्हणून शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, आणलेला पाला ते अंगातल्या बंडीत लपवत आणि गोठ्याचं दार लावून वाटत. पाला म्हणजे भुईआवळा. आईला हे लग्नानंतर महिन्याभरात कळलं, कारण पाटा तिलाच धुवावा लागे. मला आठव्या वर्षी कळलं. आम्ही दोघी गप्प राहिलो.

मागच्या पावसाळ्यात बाबांनाच कावीळ झाली. डॉक्टरांनी यकृताला सूज आहे म्हणून सलाईन लावलं, तेल-तिखट बंद केलं. बाबांनी सगळं मुकाट्यानं ऐकलं. पण आपल्या औषधावाचून ही उतरायची नाही, यावर ते ठाम होते. आणि आपल्या हातचं आपल्याला लागू पडत नाही. चार दिवस ते भिंतीकडं तोंड करून पडले. मी कारंज्याहून भेटायला आले, तेव्हा मला गोठ्यात बोलावलं.

“तुले सांगतो. पन आजपासून मह्या हातचा गुन गेला समज.”

“मलेच काहून?”

“तू मास्तरीन हायस. ध्यानात ठेवशीन.”

मग त्यांनी माझ्या कानात नाव सांगितलं.

“भुईआवळा?” मी डोळे मोठे केले. “आपल्या धुऱ्यावरचा?” शाळेच्या गॅदरिंगमध्येही मी इतकं चांगलं काम कधी केलं नव्हतं.

तीन रविवार मी एसटीनं आदल्या दिवशी येऊन पाट्यावर पाला वाटून बाबांना दिला. सलाईननं म्हणा की पाल्यानं, बाबांचे डोळे पांढरे झाले. आईनं देवापुढं साखर ठेवली.

चौथ्या रविवारी रिठदचा एक म्हातारा ओट्यावर येऊन बसला. बाबा जागचे हलले नाहीत. “तिच्याजवळून घ्या,” एवढंच म्हणाले. म्हाताऱ्यानं माझ्याकडं पाहिलं, मग बाबांकडं. बाबांचा चेहरा काविळीतसुद्धा इतका उतरला नव्हता. मला ते पाहवेना.

“बाबा,” मी जवळ जाऊन म्हटलं, “मले आठवून नाही राह्यलं. काय झाड होतं ते?”

“तीन रविवार तूच वाटलं ना वं?”

“हो. पन साफ विसरली.”

बाबा ओट्यावरून उठले.

“एवढी शिकेल हायस,” ते म्हणाले, “अन् एक झाड ध्यानात राहत नाही.”

मग म्हाताऱ्याला थांबायची खूण करून ते धुऱ्याकडं निघाले.