दरबारी जिरावणाची खरी हकिगत

आमच्या पेजवर माझ्या आजोबांचा पगडीतला फोटो होता. त्याखाली लिहिलं होतं की ते संस्थानच्या मुदपाकखान्याचे प्रमुख होते आणि आमचं जिरावण थेट राजघराण्याच्या स्वयंपाकघरातून आलं आहे. ते वाक्य मी लिहिलं. ते खोटं आहे. आजोबा पागेत कारकून होते. घोड्यांच्या चाऱ्याचं आणि चण्याचं बघायचे. मुदपाकखाना त्यांनी आतून कधी पाहिला असेल असं मला वाटत नाही.

इंदूरबाहेरच्यांसाठी सांगतो, जिरावण म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा मसाला. धने, जिरं, बडीशेप, काळं मीठ, आमचूर, सुंठ आणि आणखी बरंच काही. ते नसेल तर इथला माणूस पोह्यांची प्लेट परत करतो.

तीन वर्षांपूर्वी माझ्या सुनेने ते घरी करून विकायला सुरुवात केली. रीत माझ्या बायकोची. बायको तेव्हा जाऊन दोन वर्षं झाली होती. सुनेने फोनवर पेज काढलं, चार फोटो टाकले आणि मला म्हणाली, "बाबा, तुम्ही ऑफिसात इतकी वर्षं ड्राफ्टिंग केलंत. कॅप्शन तुम्हीच लिहा ना."

मी सरकारी कार्यालयातून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेला माणूस. मी बसलो आणि लिहिलं, "सर्व संबंधितों को सूचित किया जाता है कि हमारे यहाँ जिरावण उपलब्ध है।"

सून वाचता वाचता जमिनीवर बसली आणि तोंडावर ओढणी धरून हसत राहिली. "बाबा, हे टेंडर आहे का?"

त्या दिवसापासून माझं शिक्षण सुरू झालं, आणि खरं सांगतो, शाळेत मला इतकी मजा कधी आली नव्हती! पहिल्या तीन सेकंदांत माणूस थांबला तर थांबला, नाहीतर त्याचं बोट पुढे सरकतं; सुरुवातीच्या त्या गळाला हुक म्हणतात. म्हणून व्हिडिओची सुरुवात नमस्काराने करायची नाही, खलबत्त्याच्या आवाजाने करायची. फार मोठा हॅशटॅग लावला तर आपण गर्दीत हरवतो, म्हणून शहराचा आणि गल्लीचा लहान हॅशटॅग बरोबर लावायचा. कुणी काही लिहिलं तर लगेच उत्तर द्यायचं. आणि शेवटी लोकांना एखादा प्रश्न विचारायचा.

हा शेवटचा धडा मी फार मन लावून गिरवला. मी विचारलं, "पोह्यांवर आधी शेव की आधी जिरावण?" झालं! सकाळपर्यंत कमेंटमध्ये महायुद्ध पेटलं होतं. एकाने लिहिलं, आधी शेव घालणाऱ्याला शहराबाहेर काढा. दुसऱ्याने त्याच्या वडिलांपर्यंत मजल मारली. तिसरा म्हणाला, दोघेही चूक, आधी कांदा. मी चष्मा पुसत प्रत्येकाला उत्तर देत होतो, चहा गार झाला होता आणि सून स्वयंपाकघरातून ओरडत होती, "बाबा, ऑर्डर येताहेत! आगीत तेल घालत राहा!"

असे दिवस होते. आणि अशाच एका दिवशी ती म्हणाली, "मसाला तर सगळेच विकतात. आपल्याकडे गोष्ट काय आहे? हे जिरावण आईंना कुणी शिकवलं?"

उत्तर मला ठाऊक होतं. लग्नानंतर आम्ही परदेशीपुऱ्यात भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. शेजारी एक माळवी कुटुंब होतं, नवरा कापड गिरणीत. गिरणी बंद पडली तेव्हा त्याच्या बायकोने, आमच्या भाभींनी, घरी जिरावण कुटून पोह्यांच्या ठेल्यांवर द्यायला सुरुवात केली. आमच्या घरच्या फोडणीपलीकडे काही न येणाऱ्या माझ्या नव्या बायकोला त्यांनी हाताला धरून ते शिकवलं. नंतर आम्ही घर बदललं, गाठीभेटी कमी झाल्या, पण घरी कुणीही पोहे खाऊन वाहवा केली की बायको न चुकता म्हणायची, "माझं नाही हो, भाभींचं आहे."

मी एवढंच सांगायला हवं होतं. पण आम्हा इंदूरच्या मराठी घरांची एक खोड आहे. लग्नाच्या पंगतीत बसा, प्रत्येकाचे आजोबा दरबारात कुणीतरी असतात. कुणाचे खासगीकडे, कुणाचे फडावर, कुणाचे थेट महाराजांच्या डाव्या हाताला. पागेत चणे मोजणारा आजोबा कुणालाच नसतो. मी कितीतरी वर्षं माझे आजोबा "दरबारात होते" इतकंच सांगून वेळ मारून नेली होती. त्या दिवशी सुनेचे डोळे चमकत होते, आणि मी बोलून गेलो, "अगं, आजोबा मुदपाकखान्यात होते ना. तिथूनच आलं हे."

"बाबा! आणि हे तुम्ही मला आत्ता सांगताय?"

तिने विश्वास ठेवला. ट्रंकेतून फोटो निघाला, मी मजकूर लिहिला, आणि पोस्ट अशी धावली की आम्ही दोघं फोन हातात धरून घरभर फिरत होतो. सकाळच्या फिरण्यात लोक हात जोडू लागले, "क्या भिया, आप तो दरबारी निकले!" मी हसून मान डोलवायचो. फार गोड लागायचं ते.

मागच्या वर्षी एका संध्याकाळी फोनवर एक व्हिडिओ आला. जुनी इंदूर या भागातलं कुणाचं तरी नवं, लहानसं पेज. चेहरा नव्हता, फक्त दोन म्हातारे हात. हातांनी तवा गॅसवरून उतरवला, मग त्या गरम तव्यावर बडीशेप टाकली आणि वर थाळी पालथी घातली. बडीशेप आचेवर कधी भाजायची नाही, उतरलेल्या तव्यावर नुसती घाम फुटेपर्यंत ठेवायची. ही रीत मी जगात दोनच बायकांची पाहिली होती. त्यांतली एक माझी बायको.

मी ओळखलं. हे मला इथे स्पष्ट लिहायचं आहे, कारण नंतर मी सुनेला आधी असं सांगून पाहिलं की मला कळलं नव्हतं. मला पहिल्याच क्षणी कळलं होतं.

त्या व्हिडिओखाली आमच्याच एका गिऱ्हाइकाने विचारलं होतं, "ये दरबारी जिरावण की कॉपी है क्या?" मी घाबरलो. भाभी बोलल्या तर माझी गोष्ट संपली. मग मी आमच्या पेजवर एक वाक्य लिहिलं आणि सगळ्यात वर पिन केलं, म्हणजे येणाऱ्या प्रत्येकाला तेच आधी दिसावं. "नक़ल से सावधान। असली दरबारी जिरावण सिर्फ़ यहीं।"

आमचे लोक इमानदार. ते त्या लहान पेजवर जाऊन तुटून पडले. चोर, नकली, शरम करो. दोन दिवसांनी तिथून मला एक निरोप आला. भाभींच्या मुलीचा. "अंकल, मम्मी कह रही हैं कि आप हमको जानते हो। एक बार लोगों को बता दोगे क्या?"

मी उत्तर दिलं नाही. रोज उघडून वाचायचो आणि बंद करायचो. जो माणूस शेव आधी की जिरावण आधी यावर दोनशे लोकांना उत्तरं देत होता, त्याला या एका ओळीचं उत्तर सुचत नव्हतं.

मग एके सकाळी त्या पेजवर फक्त एवढंच आलं: "अब ऑर्डर नहीं लेंगे। सबका धन्यवाद।"

मी नाश्त्याची प्लेट बाजूला ठेवली आणि सुनेला सगळं सांगितलं. आधी ती अर्धवट गोष्ट, मग खरी.

तिने गॅस बंद केला. मग म्हणाली, "मुदपाकखान्यात नव्हते?"

"पागेत होते."

"घोडे?"

"घोडे."

"बाबा, मी ते लेबलवर छापलंय! लोकांना मी माझ्या तोंडाने सांगितलंय. मला तरी खरं सांगायचं होतंत." तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि त्याहून जास्त राग. मी पिन केलेली ती ओळ काढायला फोन घेतला तर तिने हात धरला. "नुसती खोडायची नाही. खोडली की लोक म्हणतील काही झालंच नाही. त्या मुलीवर जे चिखल फेकून आले त्यांना परत न्यायला पाहिजे. चला, गाडीत बसा."

पत्ता परदेशीपुऱ्यातल्या एका जुन्या शेजाऱ्याला फोन करून मिळवला. गाडीत मला भीती वाटत होती, पण खोटं कशाला बोलू, भीतीपेक्षा उत्साह जास्त होता. इतक्या महिन्यांनी छातीवरचा दगड हलणार होता. कृष्णपुऱ्याच्या समाध्यांच्या छत्र्या मागे पडेपर्यंत माझ्या डोक्यात पहिली ओळ तयार झाली होती. "मैंने आप सबसे झूठ बोला।" तीन सेकंदांत बसणारी! सुनेला म्हणून दाखवली. ती म्हणाली, "हुक मस्त आहे," आणि मग आम्ही दोघंही थोडे ओशाळलो.

दार भाभींच्या मुलीने उघडलं. तिने मला ओळखलं आणि ती बाजूला झाली. आत पलंगावर भाभी बसल्या होत्या. केस पूर्ण पांढरे, नाकात तीच चमकी. मी म्हणालो, "भाभीजी, मैं सब ठीक करने आया हूँ. अभी के अभी." त्या म्हणाल्या, "अच्छा? बैठो."

सुनेने पिठाच्या डब्यावर फोन टेकवला. मी सुरू केलं. पहिल्यांदा खोकला आला. दुसऱ्यांदा "मुदपाकखाना" शब्दावर जीभ अडखळली. तिसऱ्यांदा सगळं नीट उतरलं. आजोबा, घोडे, परदेशीपुरा, माझी बायको, भाभी, ती पिन केलेली ओळ, त्या मुलीचा निरोप आणि माझं गप्प राहणं. शेवटी मी हात जोडून म्हणालो, "भाभीजी, मुझे माफ़ कर दीजिए." आवाज अगदी योग्य जागी कापरा झाला. सुनेने अंगठा वर केला. मी आनंदाने म्हणालो, "झालं! हा फायनल!"

"भैयाजी," भाभी म्हणाल्या, "माफी किससे मांगी?"

"आपसे, भाभीजी."

"मैं तो इधर बैठी हूँ. तुम तो डिब्बे को हाथ जोड़ रिये थे."

त्यांच्या मुलीला हसू फुटलं आणि तिने ते लगेच गिळलं. सुनेने हळूच फोन उचलून बंद केला. मी पलंगाकडे वळलो. मघाशी सुरेख जुळलेली सगळी वाक्यं गेली. मी म्हणालो की मी ओळखलं होतं. हात पाहूनच ओळखलं होतं. आणि तरी लिहिलं.

"मेरे को पता था कि तुमको पता है," त्या म्हणाल्या. "लाडी होती तो तुम्हारे कान पकड़ती." लाडी म्हणजे नवी नवरी. माझ्या बायकोला त्या शेवटपर्यंत त्याच नावाने हाक मारत होत्या.

मी रडलो. त्यांनी मला रडू दिलं, पाणीसुद्धा लगेच दिलं नाही. मग मुलीला म्हणाल्या, "दे पानी, नहीं तो यहीं लुढ़क जायेंगे."

पाणी पिऊन मी विचारलं, व्हिडिओ टाकू का. त्या म्हणाल्या, "टाको. पर ऊपर क्या लिखोगे, वो मैं बोलूँगी." मी फोन घेतला आणि एका बोटाने टाइप करू लागलो. त्या सांगत गेल्या. जिरावण हमारा है. मिल बंद हुई तब से बना रहे हैं. लाडी को मैंने सिखाया, वो बहुत अच्छी थी, उसका हाथ हल्का था. भैयाजी ने झूठ बोला, अब सच बोला. मेरी छोरी को जिसने चोर बोला, वो आके उसी को बोले. ऑर्डर चालू है.

"चालू आहे?" मी मुलीकडे पाहिलं. ती आईकडे पाहत होती.

"चालू है," भाभी म्हणाल्या. "लिखो."

मी पूर्ण वाचून दाखवलं. त्यांनी "बहुत अच्छी थी" दोनदा लिहायला सांगितलं. सुनेने त्यांच्या पेजचं नाव जोडलं, आमच्या जुन्या ओळीच्या जागी हाच मजकूर पिन करायचं ठरलं, आणि मग तिच्यातली व्यापारी जागी झाली. "पण आत्ता नको, बाबा. दुपारचे तीन वाजलेत, कुणी बघत नाही. रात्री आठला टाकू, तेव्हा सगळे फोनवर असतात. हे जास्तीत जास्त लोकांनी बघायला हवं ना?"

मलाही पटलं. तीनला टाकणं म्हणजे सगळं वाया. मी भाभींना समजावून सांगायला लागलो की लोक कधी पाहतात, कधी नाही.

"इतने दिन रुके ना तुम," त्या म्हणाल्या. "अब नहीं रुकना. दबाओ."

मी बटण दाबलं.

आम्ही चौघं त्या लहान पडद्यावर वाकलो. पलंग कुरकुरला. काहीच होत नव्हतं. एक लाइक आलं, ते सुनेचं. दुसरं मुलीने तिच्या फोनवरून दिलं. भाभी विचारत होत्या, "हुआ? अब हुआ?" मी पडदा पुनःपुन्हा खाली ओढत होतो आणि तो गोल गोल फिरून तसाच परत येत होता.

मग एक कमेंट आली. कुणी अनोळखी माणूस, पूर्वी कधी न दिसलेला. मी मोठ्याने वाचली. "भाभीजी का जिरावण जूनी इंदौर में किस गली में मिलेगा?"

मुलगी खुर्चीवरून उठून उभी राहिली.

"अरे देखते क्या हो," भाभी तिला म्हणाल्या, "आदमी पूछ रिया है. गली बता."