हजेरी क्रमांक एकतीसचे पालक

माझी मुलगी पाचवीत गेली ती माझ्याच वर्गात. बरकतपुऱ्याजवळच्या आमच्या मराठी शाळेत पाचवीची तुकडी एकच होती आणि पाचवीच्या बाई मी, त्यामुळे कुणाचाच इलाज नव्हता. पहिल्या दिवशी वेणी घालताना मी तिला नियम सांगितला: फाटकापासून पुढे मी आई नाही, बाई. ती म्हणाली, "बरं." फाटकापाशी तिनं माझा हात सोडला आणि "नमस्ते बाई" म्हणाली. मला फार कौतुक वाटलं.

माझा न्यायीपणा शिक्षकांच्या खोलीत प्रसिद्ध होता, निदान मी तो प्रसिद्ध केला होता. पोरीला मार्क वाढवून देते असं कुणी म्हणू नये म्हणून तिचा पेपर तपासताना मी दोन मार्क कमीच धरायची. वर्गात गलका झाला की पहिली तिला उभी करायची. ती बहुतेक वेळा गलक्यात नसायचीच, पण तिला उभं केलं की बाकीच्यांना बोलायला तोंड राहत नसे.

नव्वदीचं दशक सरत आलं होतं आणि शहरात रोज काहीतरी नवं येत होतं. कुकटपल्लीकडे कॉम्प्युटर शिकवणाऱ्या पाट्या लागल्या होत्या, आणि इंग्रजी शाळांतून मुलांच्या मनाचं बघणारी मॅडम ठेवायची पद्धत निघाली होती. दरवर्षी आमची चार-पाच मुलं त्या शाळांत जायची. आमच्या हेडमिस्ट्रेस, म्हणजे मोठ्या बाई, जुन्या निजामी मुलखातल्या आणि खमक्या. आपल्याकडेही अशी मॅडम हवी, असं त्यांच्या मनात आलं. नवऱ्याच्या नोकरीपायी पुण्याहून आलेली, मानसशास्त्र शिकलेली आणि घरी बसून कंटाळलेली एक तरुण बाई त्यांना सापडली. दोन बस बदलून फुकट यायला ती तयार झाली, तेव्हा मोठ्या बाईंना मानसशास्त्र पटलं.

मॅडमनी प्रत्येक मुलामागे एक फॉर्म दिला. प्रश्न तीस, उत्तरं तीन: कधीच नाही, कधी कधी, नेहमी. नाव लिहायचं नाही, फक्त हजेरी क्रमांक टाकायचा.

"कायको एवढं?" मोठ्या बाई म्हणाल्या. "कोणतं लेकरू बिघडलंय ते मला फाटकातूनच दिसतंय."

"बिघडलेली नाही, त्रासात असलेली मुलं शोधायची आहेत."

"हौ, तेच की."

बेचाळीस फॉर्म मी मधल्या सुट्टीत बसून भरले. मला कागदाची भीती आहे. एकदा कागदावर आलं की ते पोराच्या मागे लागतं. म्हणून मी सगळ्यांना सांभाळून घेतलं. रोज एकाला बुकलणाऱ्या मुलापुढे 'कधी कधी' लिहिलं. बाकाचा पाय मोडणारा 'कधीच नाही'त बसवला, कारण पाय एकदाच मोडला होता. जी मुलं वर्गात तोंडच उघडत नसत त्यांच्याबद्दल मला काही माहीत नव्हतं, म्हणून ती सगळी उत्तम निघाली.

एकतीस क्रमांकाला मात्र मी सांभाळून घेतलं नाही. आपलं तेवढं झाकलं, असं व्हायला नको. शिवाय तिचं मला सगळंच माहीत होतं. नखं खाते का? नेहमी. सकाळी शाळेच्या वेळी पोट दुखतं का? नेहमी. फळ्याजवळ बोलावल्यावर येत असलेलंही विसरते का? नेहमी. झोपेत दचकते का, हे वर्गशिक्षिकेला कुठून कळणार, पण उत्तर माहीत असताना जागा रिकामी सोडणं मला जमेना. नेहमी. खुणा करताना दुसरं काही मनात आलं नाही, आपण किती प्रामाणिक आहोत एवढंच आलं.

पुढच्या आठवड्यात मॅडमनी मला मोठ्या बाईंच्या खोलीत बोलावलं. "तुमचा वर्ग खूपच छान आहे," त्या म्हणाल्या. "एकच मूल मर्यादेच्या वर गेलंय, पण फार वर. एकतीस."

मोठ्या बाईंनी पंख्याकडे बघितलं. त्यांना हजेरीपट पाठ होता.

"ही मुलगी कुणाला तरी फार घाबरून आहे," मॅडम म्हणाल्या. "आपण तिच्या आईला बोलवूया. तोवर तुम्ही तिच्याशी जरा मायेनं वागाल का? अशा मुलांना बाईंचा मोठा आधार असतो."

मी म्हटलं, "बरं."

चिठ्ठी छापील होती. आपल्या पाल्यासंबंधी चर्चा करावयाची असल्याने शनिवारी शाळा सुटल्यावर भेटावे. वर्गशिक्षिका म्हणून मी खाली सही केली, घडी घातली आणि मुलीच्या हातात दिली. संध्याकाळी पोळ्या लाटत होते तेव्हा तिनं ती माझ्यापुढे धरली. "बाईंनी दिलीय." मी हात धुऊन वाचली आणि पालकांच्या जागी सही केली. नवरा वीजखात्यात कारकून. कागद हाती आला की वाचल्याशिवाय सोडत नाही. त्यानं दोन्ही सह्या बघितल्या, चष्मा पुसला, पुन्हा बघितल्या.

"दोघी येणार की एकच?" त्यानं विचारलं.

माझी पोळी करपली.

शनिवारी मी मुलीला घेऊन खोलीत गेले. मॅडम दाराकडे बघत म्हणाल्या, "आई नाही आल्या?"

"आल्यात," मी म्हटलं आणि पालकांच्या खुर्चीत बसले. त्यांना समजायला थोडा वेळ लागला. मग त्यांचा चेहरा असा काही झाला की मला त्यांचीच दया आली. त्यांनी फॉर्म पालथा घातला आणि मुलीला जवळ घेतलं.

"शाळेत कुणी त्रास दिला तर कुणाला सांगतेस?"

"घरी जाऊन आईला."

"मग आई काय करते?"

"आई म्हणते, शाळेतलं शाळेत. उद्या बाईंना सांग."

"आणि बाई?"

"बाई म्हणतात, घरचे लाड इथं चालणार नाहीत."

ती तक्रार करत नव्हती. कुणी वेळापत्रक विचारावं आणि सांगावं, तसं सांगत होती.

"मग तू काय करतेस?"

"पोट दुखतंय म्हणते. पोट दुखलं की आई ओवा देते."

मला तिथंच रडू आलं. एकेचाळीस लेकरांवर मी दया केली होती आणि पोटच्या पोरीला न्याय दिला होता. लाज वाटली, आणि त्या फुकट येणाऱ्या मॅडमचा रागही आला, ते लपवण्यात अर्थ नाही.

तुकडी एकच, पुढच्या वर्षीही सहावीला मराठी मीच शिकवणार, तेव्हा उपाय एकच होता. जूनमध्ये आम्ही तिला काचीगुड्यापलीकडच्या एका इंग्रजी शाळेत घातलं. मराठीच्या बाईंचीच पोरगी इंग्रजीत, असं शिक्षकांच्या खोलीत बोललं गेलं, आणि ते खरंच होतं. माझा दाखला देऊन दोघा पालकांनी आपली मुलं काढून नेली. मोठ्या बाईंनी मुलीच्या दाखल्यावर सही करताना एवढंच म्हटलं, "न्या. लेकराहून शाळा मोठी नाही."

नव्या शाळेतलं ती घरी काही सांगायची नाही. मी विचारलं तर "ठीक" म्हणायची. जुलैत एका संध्याकाळी मात्र सांगितलं. वर्गात मराठी बोलली म्हणून मिसनं तिला दिवसभर दाराबाहेर उभं केलं होतं. सांगून झाल्यावर ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. शाळेतलं शाळेत, हे शब्द माझ्या जिभेवर तयार होते. मी ते गिळले.

"उद्या येते मी," म्हटलं.

अर्धी रजा टाकून गेले. मिस वयानं लहान होती आणि नीट बोलत होती. "आप भी तो टीचर हैं," ती म्हणाली. "एक कू छोड दिए तो सब सर पे चढते."

हे वाक्य मी स्वतः किती आयांना ऐकवलं असेल त्याला गणती नाही.

"मेरेकू पढाने का कुछ नै मालूम," मी म्हटलं. "मैं इसकी माँ हूँ. इसकू बाहर खडा नै करना." आवाज इतका चढला की शेजारच्या वर्गातले सर बाहेर येऊन बघून गेले.

परतताना बसमध्ये जागा मिळाली. मुलगी खिडकीपाशी बसली.

"फार मोठ्यानं बोललीस तू," ती म्हणाली.

"हो."

ती बाहेर बघायला लागली. चिडलेली वाटत नव्हती. मग तोंड तिकडेच ठेवून तिनं विचारलं, "पाचवीत का नाही आलीस गं?"